राजदिंडीची उतरण

पन्हाळ्यावर गाडी जाते, त्यामुळे कुठल्या वाटेनं चढायचं हा प्रश्न इथं येणाऱ्या बहुतेकांना पडतच नाही. कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, वाघबीळचं वळण, घाट, नाका, की आलाच गड. हा रस्ता गडात शिरतो तिथं पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. पश्चिमेचा तीन दरवाजा मात्र अजून उभा आहे. त्याच्या कमानीखालून पायी आत शिरताना हा गड केवढ्या ताकदीचा होता ते कळतं. झुणका-भाकरी त्यानंतर खावी.

मी आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालायला माणसं नेतो. अंतर पन्नासेक किलोमीटर, बहुतेक जण दोन दिवसांत करतात. निघण्याआधी एक प्रश्न दरवेळी येतोच: गाडीनं थेट म्हसाई पठारावर उतरून तिथूनच सुरुवात केली तर? उतरण वाचते, दोन तास वाचतात, गुडघे वाचतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्याला चालणं झेपतं त्यानं गडाच्या राजदिंडी दरवाजातूनच निघावं. १६६० च्या जुलैमध्ये, सिद्दी जौहरचा वेढा चार महिने चालू असताना, आषाढी पौर्णिमेच्या रात्री शिवाजी महाराज याच दिंडीतून बाहेर पडले असं मानलं जातं. पण माझं कारण इतिहासापुरतं नाही. राजदिंडीची उतरण पहिल्या अर्ध्या तासातच प्रत्येकाची चाल दाखवते. कोण टाच आधी टेकतो, कोण घाबरून मागं झुकतो, कुणाच्या बुटाचा तळ झिजलाय, हे तुरुकवाडी यायच्या आत कळलेलं बरं. पुढच्या वाटा त्यावरून ठरतात.

पावसाळ्यात वाट निवडताना आधी डोंगराचं पाणी वाचावं लागतं. पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा. जांभा खरखरीत, भिजला तरी पाय धरून ठेवतो. त्याखालच्या काळ्या कातळावर आषाढात शेवाळ चढतं आणि तिथं कितीही महागडा बूट सुटतो. दोन्हींच्या मध्ये लाल चिकणमाती येते, ती तळव्याला थरावर थर चिकटत जाते. म्हणून नाळेची वाट जवळची दिसली तरी मी ती सोडतो आणि सोंडेवरून नेतो. सोंडेवर पडलेलं पाणी दोन्ही अंगांना वाहून जातं, नाळेत ते आपल्याच वाटेनं येतं. गावकऱ्यांच्या जुन्या पायवाटा बहुतेक सोंडेनंच जातात, आणि डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्यांनी पाडलेल्या वाटेवर माझा पूर्ण भरवसा आहे.

म्हसाई पठारावर काम वेगळं. तिथं पडायचं भय नाही, चुकायचं आहे. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि सगळीकडं ढोरवाटा. ढोरवाट फुटत फुटत जाते, चाऱ्यापाशी नाहीतर पाण्यापाशी विरते. माणसाची वाट फाटली तरी पुन्हा एकत्र येते. जुलैत वारा पश्चिमेचा, आणि आपल्यालाही साधारण पश्चिमेलाच जायचं. पाऊस तोंडावर येतोय तोवर दिशा बरी आहे. तो गालावर आला की मी सगळ्यांना थांबवतो.

महाराजांनी निवडलेल्या वाटेचा मी पुष्कळ विचार केला आहे. शरण येण्याच्या निरोपानं वेढा सैलावला होता, पौर्णिमा होती, आभाळ भरलेलं होतं. ढगाआडचा पूर्ण चंद्र सावली पाडत नाही, पण मळलेली वाट आजूबाजूच्या गवताहून फिकी दिसते, एवढा उजेड नक्की देतो. हे रात्री चाललेल्या कुणालाही पटेल. पालखी, भोई आणि सहाशेच्या आसपास बांदल मावळे. दुसऱ्या पालखीत शिवा काशिद बसले आणि त्यांनी आपला जीव देऊन वेळ मिळवला. चिखलाच्या उतारांची ही वाट पायी माणसाला जाते, घोड्याला जड जाते. मला वाटतं, तिच्या निवडीत हा हिशोब असणारच. पुढं बाजीप्रभूंनी खिंड धरली. पण पाठलागाचा वेग त्याआधीच या वाटेनं मोडला असावा.

आजच्या वाटेला एक काळजी जास्त आहे. खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी या वाड्यांच्या शिवारातून आपण जातो तेव्हा ऐन भातलावण चालू असते. वाटेत चिखल झाला की मागचा माणूस बांधावर चढतो, त्याच्या मागचा खाचरात उतरतो. बांध ढासळला की खाचरातलं पाणी जातं, रोपं उघडी पडतात. शंभर माणसांनी एक एक पाऊल बाजूला टाकलं तर त्या शेतकऱ्याची कंबरमोड फुकट जाते. म्हणून मी गुडघाभर चिखल असला तरी चिखलातूनच नेतो, आणि ज्याला हे मान्य नाही त्याला घेत नाही. माणसंही वीसच्या वर घेत नाही. पुढचा थांबला की शेवटच्याला हाक ऐकू गेली पाहिजे.

पौर्णिमेच्या आसपास या वाटेवर जथ्थेच्या जथ्थे येतात. त्यांची श्रद्धा खरी आहे, माझीही आहे. पण तेवढी माणसं त्या चार दिवसांत त्या बांधांना सोसत नाहीत. तिथीला आम्ही गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी जमतो, नेबापूरला शिवा काशिदांच्या समाधीवर फुलं वाहतो आणि घरी जातो. चालायला निघतो ते पुढच्या आठवड्यात, मधल्या वारी, सकाळी सहाला, राजदिंडीतून.