तारेवरून आलेलीं टिपणें

मुळशी धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या गांवांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ सालीं सुरू झालेला सत्याग्रह तर वाचकांस ठाऊकच असेल. परंतु कोणत्या खाचराला काय नांव होतें, कोणता ओढा कोठें वळत असे, हें तेथल्या म्हाताऱ्या माणसांखेरीज कोण सांगणार? आमच्या आजोबांनीं १९९३ च्या सुमारास अशा वृद्धांच्या आठवणी ऐकून पौडच्या घरीं संगणकावर उतरून ठेविल्या. मूळ वह्या पुढें वाळवीनें खाल्ल्या. सांगणारे गेले, आजोबाही गेले. उरला तो एका छापखान्यांतून जुना म्हणून घेतलेला संगणक. त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह केव्हांच निकामी झाला होता.

तेव्हां पाठीमागच्या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टाचाच काय तो मार्ग राहिला. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं भावंडांनीं तसेंच पोर्ट असलेला दुसरा जुना संगणक मिळविला व दोहोंमध्यें केबल जोडली. हिच्यांत एका टोकाची दुसरी पिन पलीकडच्या तिसरीस व तिसरी दुसरीस जोडलेली असावी लागते. नाहीं तर दोन्ही यंत्रें बोलतात आणि ऐकत कोणीच नाहीं. (असा प्रकार माणसांतही आढळतो!)

पहिली फाइल आली ती अशी कीं, ‘मुळशी’ या शब्दाच्या जागीं रोमन एल, चौकोनी कंस, आर, यू व एक तिरकी रेघ! आजी म्हणाली, “अरे, ह्यांनीं असें का लिहून ठेविलें होतें?”

कारण मोठें मौजेचें आहे. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डानें त्या काळीं संगणकावर मराठी लिहितां येई. त्यांतील इस्की नांवाचा लिपिसंकेत १९९१ सालीं राष्ट्रीय मानक ठरला. त्यांत रोमन अक्षरांचे क्रमांक १२८ च्या आंत व आपल्या अक्षरांचे त्यापुढें; ‘क’चा क्रमांक १७९. एवढी संख्या पाठविण्यास आठ बिट लागतात. जुन्या यंत्रांतील प्रोग्राम मात्र इंग्रजीपुरत्या सातच बिटांवर लावलेला होता. आठवा गळला कीं १२८ वजा होतात, उरतात ५१, आणि ५१ म्हणजे इंग्रजी तीनचा आंकडा! मग १२८ पुन्हां मिळवावे, असें कोणी म्हणेल. पण आजोबांनीं सर्व्हे नंबर इंग्रजी आंकड्यांत लिहिलेले. आलेला तीन हा तीनच कीं ‘क’, हें कशावरून ओळखावें?

दोन्हीकडे आठ बिट लावले व कर्मिट हा प्रोग्राम घेतला. कोलंबिया विद्यापीठांत १९८१ सालीं निघालेला हा प्रोग्राम मजकुराचे लहान लहान गठ्ठे करतो, प्रत्येकाची बेरीज ताडून पाहतो व न जुळल्यास तो गठ्ठा पुन्हां मागवितो. सेकंदास ९६०० बिट, म्हणजे सुमारें ९६० अक्षरें. आमचीं दोन लक्ष अक्षरें त्या हिशेबानें साडेतीन मिनिटांचीं. पडताळा पाहतां पाहतां लागलीं सात. पुढें युनिकोडमध्यें रूपांतर करणें सोपें गेलें, कारण त्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे.

आजीनें सारीं पानें वाचलीं. एका खाचराच्या नांवाशीं ती थांबली व म्हणाली, “हें माझ्या सासूबाईंच्या तोंडीं असे.” दोन फाइली डिस्कच्या खराब भागांत अडकून राहिल्या आहेत, त्यांचा प्रयत्न उन्हाळ्याच्या सुटींत करणार आहोंत.