अम्मीचा वाकलेला पाय

म्हसावदला आमच्या घरात फज्रला सर्वांत आधी उठतात त्या माझ्या सासूबाई, आमची अम्मी. मागच्या पावसाळ्यात ती खुर्चीवर बसून नमाज पढू लागली. कमरेत कळ आणि उजवा पाय सरळ होईना. झोपतानाही गुडघा पोटाशी घ्यायची. वात असेल म्हणून मी तीन महिने तेल चोळलं. संध्याकाळी कणकण येई, जेवण तुटलं होतं. एके रात्री रडतच म्हणाली, "बेटा, जांघेत गाठ आलीय. परक्या पुरुषाला कशी दाखवू?"

गाठ ना लाल, ना गरम. दुसऱ्याच दिवशी शहाद्याला बाई डॉक्टरांकडे नेलं. पुढच्या तपासण्या नंदुरबारला झाल्या. मणक्याचा टीबी निघाला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. आतड्यांच्या मागे, पाठीच्या बाजूला एक जागा असते. तिथे मूत्रपिंडं असतात, आणि कण्यापासून मांडीपर्यंत जाणारा लांब स्नायूही. किडलेल्या मणक्यातला पू त्याच स्नायूच्या आवरणातून जांघेपर्यंत उतरला होता. म्हणून पाय आखडला होता.

"पण खोकला तर नाही!" मी म्हणाले. टीबी फुफ्फुसाबाहेरही होतो, त्या म्हणाल्या. अम्मीची छाती साफ होती, त्यामुळे तिच्यापासून घरात कोणाला लागण होण्याची भीती नव्हती. घाबरून वेगळं काढलेलं तिचं ताट मी त्याच संध्याकाळी दस्तरखानावर परत मांडलं.

सोनोग्राफीत बघून सुईने पू काढला. गोळ्या किमान वर्षभर घ्यायच्या आहेत. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. शिवाय निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये बँकेत येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते.

चौथ्या महिन्यात रमजान आला. दुखणं थांबलं होतं, म्हणून अम्मी रोजे धरायला निघाली. डॉक्टरांनी मनाई केली. मौलानांनीही समजावलं, की आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती मनाविरुद्ध थांबली. एकही गोळी चुकली नाही.

बहिणींनो, हया आपला दागिना आहे, पण आजार लपवणं म्हणजे हया नव्हे. गाठ दिसली, पाय आखडला, रोज ताप येऊ लागला तर घरात कोणाला तरी सांगा. आणि आपण सुनांनीही तेलाची वाटी घेण्याआधी विचारावं, "अम्मी, आणखी कुठे दुखतंय?"

काल अम्मीने जमिनीवर सजदा केला. अल्हम्दुलिल्लाह.