माणसाचा रंग कोणता?

माणूस दुसऱ्या माणसास पाहतो, तेव्हा त्याच्या गुणांच्या आधी दृष्टीस पडतो तो त्याचा रंग. मग ‘हा गोरा’, ‘तो काळा’ असा निवाडाही चटकन होऊन जातो. हा निवाडा वाटतो तितका निरुपद्रवी नाही. दक्षिण आफ्रिकेत १९५० साली झालेल्या एका कायद्याने प्रत्येक रहिवाशाच्या वर्णाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. कोणी कोठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, हे त्या नोंदीवरून ठरे. एकाच घरातील भावंडांवर निरनिराळ्या वर्णांचे शिक्के बसल्याचीही उदाहरणे आहेत! १९९१ साली तो कायदा रद्द झाला. पण मनातील शिक्के कायद्याने पुसले जात नाहीत.

ते पुसण्याचे काम एका छायाचित्रकर्तीने हाती घेतले. अँजेलिका दास ही मूळची ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहराची. तिच्या घरातच नाना वर्णांची माणसे. शाळेत चित्रे रंगविताना ‘कातडीचा रंग’ म्हणून जी पेन्सिल वापरीत, ती गुलाबी होती. अँजेलिका होती तपकिरी आणि लोक तिला म्हणत काळी! सात वर्षांची ती मुलगी या गोंधळाने बावरून गेली.

पुढे स्पेनमधील माद्रिद येथे २०१२ साली तिने ‘ह्यूमाने’ हा उपक्रम आरंभिला. पद्धत साधीच. माणसाचे छायाचित्र घ्यावयाचे. त्यातील नाकावरचा ११ बाय ११ बिंदूंचा इवलासा चौकोन निवडावयाचा. त्याच्याशी जुळणारा रंग छपाईच्या व्यवसायातील ‘पॅन्टोन’ या रंगसूचीत शोधावयाचा आणि त्याच रंगाने छायाचित्राची पार्श्वभूमी भरावयाची. खाली त्या रंगाचा क्रमांक. खांदे उघडे असल्यामुळे वस्त्रांवरून श्रीमंती वा गरिबी ओळखू येत नाही. धनाढ्य गृहस्थ आणि समुद्र ओलांडून आलेला निर्वासित, दोघांनाही चौकट एकाच मापाची.

अशी हजारो छायाचित्रे तिने अनेक देशांत टिपली. ती ओळीने मांडली, की पाहणारा थबकतो. ‘गोरा’ म्हणविणारा कोठे फिकट गुलाबी, तर कोठे मधाळ. ‘काळा’ म्हणविणारा कोठे तांबूस, तर कोठे गडद तपकिरी. कागदासारखा पांढराशुभ्र कोणी नाही आणि कोळशासारखा काळाही कोणी नाही. एका छटेवरून दुसरीवर दृष्टी सरकत जाते. पण दोहोंमध्ये रेघ कोठे ओढावी, ते सापडत नाही.

क्रमांक हाही एक शिक्काच नव्हे काय? आहे खरा, परंतु त्यावरून कोणी उच्च ठरत नाही की नीच ठरत नाही. माणसाचा रंग इतका काटेकोर मोजल्यावर एवढेच उमगते, की रंगावरून माणूस मोजता येत नाही.