सहा जानेवारीला जन्मलेलं गाव

आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय बसवायला तीच तारीख टाकलेली. त्यामुळे मी केलेल्या यादीत हे सगळे ६ जानेवारीला जन्मलेले दिसले, तेव्हा पोटात गोळाच आला.

यादी ज्येष्ठांच्या मदतीची. १ जुलै २०२४ ला ६५ पूर्ण झालेले लोक काढून दे, असं गावातल्या मंडळाने सांगितलेलं. एक्सेलची सीएसव्ही केली, पायथॉनच्या पांडास लायब्ररीला दिली, चार ओळींचा कोड. झालं काम! यादी फळ्यावर लागलीसुद्धा.

दोन दिवसांनी शेजारच्या आजी आधार कार्ड घेऊन दारात. ‘‘माझी तारीख खोटी हाय का रं?’’

त्यांची तारीख ११/०३/१९५९. कोडने वाचली ३ नोव्हेंबर. ६५ ला चार महिने कमी, नाव बाहेर.

घोळ असा, की काही सांगितलं नाही तर ही लायब्ररी आधी महिना धरते, मग दिवस. अमेरिकन रीत. पण २५/०८ आली की पंचविसावा महिना कुठून आणणार? मग गुपचूप पलटी मारून २५ ऑगस्ट, बरोब्बर! एकाच रकान्यात दोन रीती आणि तोंडातून ब्र नाही. मी वरच्या पाच-सहा ओळी बघितल्या, त्या नेमक्या असल्याच निघाल्या. (२०२३ च्या २.० आवृत्तीपासून पहिल्या तारखेवरून रीत ठरते, पुढची जुळली नाही तर एरर येते. माझ्याकडे जुनीच होती.) वर्षातल्या १३२ तारखा अशा उलट्याही वाचता येतात.

१ जूनवाले तरले, उलटं वाचूनही त्यांचं वय भरत होतं. मार बसला तो खरी तारीख सांगणाऱ्यांना. आणि ०५/१२/१९५९ वाले एक काका आत आले होते. ‘‘काका, नाव चुकून आलंय’’ हे सांगायला मलाच जावं लागलं. चहा दिला त्यांनी, पण बोलले नाहीत.

तर कचेरीत, बँकेत, शाळेत याद्या करणाऱ्यांनो, फॉरमॅट स्वतः लिहा: दिवस, महिना, चार आकडी साल. नुसतं ‘डेफर्स्ट’ चालू करून भागत नाही, ते सक्तीचं नसतं. आणि यादीत ६ जानेवारीची गर्दी दिसली तर थांबा.

आजींचं नाव घातलं. ‘‘तारीख तुमची खरीच हाय आजी, मीच उलटी वाचली,’’ म्हटलं.

‘‘मग कॉम्प्युटर कशाला घेतलास?’’