औशाची श्रोतृसभा

लातुराहून दक्षिणेस निघालें म्हणजे सुमारें २० किलोमीटरांवर औसा हें तालुक्याचें गांव लागतें. ज्या किल्ल्याकरितां प्रवासी येथें येतात, तो किल्ला मात्र अगदीं जवळ जाईपर्यंत डोळ्यांत भरत नाहीं. देवगिरीप्रमाणें त्यानें डोंगराची उंची घेतलेली नाहीं, कीं जंजिऱ्याप्रमाणें समुद्राचा आश्रय केलेला नाहीं. सभोंवारची भूमि उंच आणि किल्ला खोलगट जागेंत, अशी रचना असल्यामुळें आंतील पहारेकऱ्यास दूरवरचें सैन्य दिसावें आणि त्या सैन्यास मात्र किल्ल्याचा बराचसा भाग दिसूं नये, असा हा चतुर बेत आहे. बहामनी अमदानींत महत्त्वास चढलेला, पुढें निजामशाहींत मलिक अंबराच्या हातीं आलेला आणि १६३६ सालीं मोंगलांनीं घेतलेला हा दुर्ग आहे. १७६० च्या उदगीरच्या मोहिमेंत सदाशिवरावभाऊंच्या व निजामाच्या फौजा याच मुलुखांत एकमेकींस भिडल्या. खंदक, दुहेरी तट, बुरुजांवरील तोफा आणि जमिनीखालचें तें दालन, कीं ज्याचें छत म्हणजेच वरील हौदाचा तळ होय, हें सारें पाहण्यास एक सकाळ पुरते. चैत्रांतल्या उन्हांत त्या दालनांत उतरल्यावर जीव असा निवतो, कीं बांधणाऱ्या कारागिराचें नांव इतिहासानें जपलें नाहीं याची हळहळ वाटते.

तथापि आम्हांस किल्ल्याहून अधिक ओढ होती ती औशाच्या सभांची. सभा म्हणजे येथें राजकारणाची नव्हे. दिवसभराचें काम आटोपून माणसें केवळ ऐकण्याकरितां जेथें एकत्र बसतात ती. मोठ्या शहरांत अशा सभांची वाण नसते. तालुक्याच्या गांवांत मात्र त्या कशा भरतात, कोण येतें आणि कोण येऊं शकत नाहीं, हें जवळून पाहण्याची आमची बहुत दिवसांची इच्छा होती.

पंढरीच्या वारकऱ्यास औसा ठाऊक आहे तें नाथ संस्थानामुळें. वीरनाथमहाराज आणि मल्लनाथमहाराज यांच्या परंपरेंतील ही गादी. माघवारीस येथील दिंडी पायीं पंढरपुरास जाते आणि तेथें औसेकरांचें चक्रीभजन होतें. देगलूरच्या परंपरेंतही चक्रीभजन आहे. पण लातूर-उस्मानाबादकडील माणसाच्या तोंडीं त्याच्याबरोबर औशाचेंच नांव येतें. बसून म्हणावयाचें हें भजन नव्हे. टाळमृदंगाच्या ठेक्यावर फेर धरून, फिरत फिरत तें करावयाचें असतें. प्रथम फेर संथ असतो. लय वाढूं लागली म्हणजे कांठावर उभा असलेला मनुष्यही नकळत पाय टाकूं लागतो आणि मग गाणारा कोण व ऐकणारा कोण हा भेद करणें कठीण होऊन बसतें. एखादी कला पाहून घरीं परतणें निराळें, आणि तिच्यांत कांहीं क्षण सामील होऊन परतणें निराळें. या दुसऱ्या प्रकारची संवय औशाच्या लोकांच्या अंगीं मुरलेली आहे, असें आम्हांस तेथें राहून दिसून आलें.

एके रात्रीं गांवांतील एका देवळांत कीर्तन होतें. आपल्या घरांतून नारदीय कीर्तनाची ओळख अधिक : पूर्वरंगांत निरूपण, मध्यंतरीं नामाचा गजर, बुक्का आणि हार, आणि मग उत्तररंगांत आख्यान. वारकरी कीर्तनाची मांडणी वेगळी. एकच अभंग घ्यावयाचा आणि दीड-दोन तास तोच उलगडीत जावयाचा. पाठीमागें टाळकऱ्यांची रांग उभी, आणि बुवांनीं एखादें चरण उचललें कीं ती रांग तें झेलणार. त्या रात्रीं बुवा एका प्रमाणाशीं अडखळले. पुढचें चरण ओठांवर येईना. तोंच समोर सतरंजीवर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें तें चरण बसल्या जागेवरून पुरें केलें, आणि बुवांनीं संकोच न मानतां त्याला हात जोडून पुढें चालू केलें. कोणास त्यांत नवल वाटलें नाहीं. नवल वाटलें तें आम्हांलाच. व्याख्यानमालेंत वक्ता असा अडखळता, तर प्रेक्षागारांतून कोण त्याच्या मदतीस धांवलें असतें? तेथें तर आम्ही टाळ्या कोठें वाजवाव्या एवढेंच जाणतों.

आणखी एक गोष्ट आम्हीं तेथें पाहिली. मंडपाच्या एका अंगास बायका बसल्या होत्या, आणि पुरुषांहून त्यांची संख्या अधिक होती. कित्येकींच्या मांडीवर मुलें निजलेलीं. त्यांत देशस्थांच्या सुना होत्या, लिंगायत घरांतल्या होत्या, शेतांत दिवसभर खुरपून आलेल्याही होत्या. कीर्तनास निमंत्रणपत्रिका नसते, राखीव खुर्ची नसते, आणि मुख्य म्हणजे तें जेवणीं आटोपल्यावर सुरू होतें. या शेवटच्या गोष्टीचें मर्म आम्हांस पुढें दोन दिवसांनीं कळलें.

या भूमींत ऐकण्याची भूक एवढी कां, याचा विचार करूं लागलें म्हणजे निजामी राजवटीचा काळ आठवतो. औसा तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. लातूर हा वेगळा जिल्हा झाला तो १९८२ सालीं. कचेरीची भाषा उर्दू, आणि १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणाचें माध्यमही उर्दू. त्यांत १९२९ सालीं ‘गश्ती निशाण ५३’ या नांवानें ओळखला जाणारा हुकूम निघाला आणि जाहीर सभा भरवावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी हवी असें ठरलें. पुण्यास न्यायमूर्ति रानडे यांनीं १८७५ सालीं वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तिच्या अर्धशतकानंतरही मराठवाड्यांत दहा माणसें जमवून भाषण करणें ही जोखमीची गोष्ट होती. अशा वेळीं कीर्तनें, गणेशोत्सव आणि मेळे यांनीं पुष्कळ भार वाहिला. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालीं निघाली, पुढें स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले आणि त्या आडगांवच्या शाळेंतून माणसें तयार होऊं लागलीं. १९३१ सालीं डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखालीं मराठी साहित्य संमेलन प्रत्यक्ष हैदराबादेस भरलें, तेव्हां मराठवाड्यांतील वाचणाऱ्या घरांना केवढा धीर आला असेल याची कल्पना आज करवत नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें. पण ज्या पिढीनें चोरून-लपून ऐकिलें, तिच्या मुलानातवंडांत ऐकण्याची किंमत उरली आहे.

राजभाषा म्हणून लादली गेली तेव्हां उर्दूचा जाच झाला हें खरें. परंतु मुशायऱ्याचा एक रिवाज आपण उचलावा असा आहे. औशांत उर्दू-दखनी बोलणारीं घरें पुष्कळ आहेत. मुशायऱ्यांत एखादा शेर मनास भिडला म्हणजे श्रोता ‘मुकर्रर’ म्हणतो, आणि शायरास तो पुन्हां म्हणावा लागतो. ऐकणाऱ्याचा हा हक्कच आहे. कीर्तनांतला तो वृद्ध शेतकरी आणि मुशायऱ्यांतला हा रसिक, दोघे एकाच गांवचे, दोघांच्याही वांट्यास सभेंतलें कांहींतरी काम आलेलें.

आतां व्याख्यानाकडे वळूं. आम्ही औशास असतांनाच एका संस्थेची तीन दिवसांची व्याख्यानमाला चालू होती. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण हाच प्रकार आम्हीं नांदेडास पाहिला आहे, सोलापुरास पाहिला आहे आणि पुण्यासही पाहिला आहे. वेळ सायंकाळीं सहाची. पाहुणे साडेसहास आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल आणि श्रीफळ. व्यासपीठावर नऊ माणसें, त्यामुळें नऊ शाली आणि नऊ श्रीफळें. वक्ता बोलावयास उभा राहिला तेव्हां साडेसात होऊन गेले होते. विषय चांगला, वक्ता विद्वान्, पण पाऊण तासांत त्यानें आवरतें घेतलें आणि आभारप्रदर्शन मात्र वीस मिनिटें चाललें. बायकांसाठीं उजव्या हातास खुर्च्यांच्या चार रांगा मांडल्या होत्या. त्यांत शाळेच्या शिक्षिका तेवढ्या दिसल्या, बाकीच्या रिकाम्या.

मराठवाड्यास व्याख्यानाचें वावडें आहे असें नव्हे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजांतील नरहर कुरुंदकर हे व्याख्यानासाठीं या सगळ्या प्रांतांत हिंडले. संगीत, नाट्यशास्त्र, मनुस्मृति, राजकारण, काय वाटेल त्या विषयावर ते बोलत, आणि ऐकणाऱ्यास आपण वाद घालतों आहों असें वाटे. १० फेब्रुवारी १९८२ रोजीं औरंगाबादेस व्यासपीठावरच त्यांस मृत्यूनें गांठलें. वय अवघें ४९. पुढें १९८३ सालीं अंबाजोगाईस आणि २०२२ सालीं उदगिरास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां मांडव अपुरे पडले. परंतु संमेलन ही जत्रा होय. जत्रेस वर्षांतून एकदां जाणारा मनुष्य आठवड्याच्या बाजारासही गेला पाहिजे, त्याशिवाय घर चालत नाहीं.

आमच्या यजमानांच्या मातोश्री ७८ वर्षांच्या. कीर्तनास त्या रोज जातात, व्याख्यानास एकदांही आल्या नाहींत. तें कां, असें आम्हीं विचारलें. त्या तांदूळ निवडीत होत्या, मान वर न करतांच म्हणाल्या, “अहो, सहाला तुमचं भाषण. सहाला मी देवापाशीं दिवा लावूं, हिच्या पोळ्या लाटूं लागूं, कीं तुमच्या पाहुण्यांना हार घातलेला बघत बसूं?” आंतून सूनबाईंचा हुंकार आला, तो सासूबाईंच्या बाजूचा होता, ही गोष्ट त्या घरांत नित्याची नसावी असें यजमानांच्या मुद्रेवरून वाटलें! घरांत तेरा माणसें. सायंकाळचा स्वयंपाक दोघी-तिघींच्या हातून निघतो तेव्हां आठ वाजतात. व्याख्यान ठेवणाऱ्या मंडळींत एकही स्त्री नव्हती, आणि सहाची वेळ ज्यांनीं ठरविली त्यांस घरीं गेल्यावर ताट वाढलेलें मिळत होतें.

वेळेप्रमाणेंच जागेचेंही आहे. औसा तालुक्यांतील किल्लारी हें नांव साऱ्या देशास ठाऊक झालें तें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानें. अनंतचतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून माणसें नुकतींच निजलीं होतीं. त्या भागांतील ५२ गांवें पुढें नव्या जागीं वसविलीं गेलीं. घरें मजबूत झालीं, रस्ते रुंद व सरळ आखले गेले. पण जुन्या गांवचा पार आणि ओटे तेथें आले नाहींत. बोलावल्याशिवाय जाऊन बसतां येईल अशी जागाच उरली नाहीं, असें तिकडील एका वयस्क गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें. पूर्वी रात्रीं पोथी लागली म्हणजे आवाज चार घरांत जाई; आतां घराघरांत अंतर पडलें आहे.

परतण्यापूर्वी आम्ही याच तालुक्यांतील खरोशाचीं लेणीं पाहून आलों. दगड जांभा, मऊ. त्यामुळें रामायण-महाभारतांतील प्रसंग ज्या शिल्पांत कोरले आहेत तीं पुष्कळ झिजलीं आहेत. मूर्तींचे चेहरे गेले, हातपाय तुटले, तरी कथा कळते. कारण ती आपणांस आधींच ठाऊक असते. यजमानांशीं हें बोलत असतां डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ या ग्रंथाचा विषय निघाला. बायकांच्या मुखीं असलेल्या रामकथेच्या ओव्या जमवून नांदापूरकरांनीं तो ग्रंथ सिद्ध केला. हे कुरुंदकरांचे मामा. व्याख्यानमालेचें तिसरें पुष्प याच विषयावर होतें. यजमानांनीं दोन दिवस खटपट करून तें सभागृहांतून देवळाच्या मंडपांत आणविलें, आणि वेळ रात्रीं नऊची करविली. चिटणीसांस तें फारसें रुचलें नाहीं. खुर्च्या नाहींत, ध्वनिक्षेपक एकच, छायाचित्रास उजेड कमी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या, आणि त्या खऱ्याही होत्या.

पावणेनऊलाच मंडप भरला. वक्त्यांनीं सीतेच्या वनवासावरील ओव्यांविषयीं बोलावयास आरंभ केला. पुरुषांच्या ग्रंथांत रामाची बाजू सांभाळलेली असते, जात्यावर बसलेली बाई मात्र सीतेचा पक्ष सोडीत नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें. उदाहरणादाखल त्यांनीं एक ओवी वाचली. तोंच बायकांच्या बाजूनें आजी म्हणाल्या, “आमच्याकडं ही अशी नाहीं म्हणत.” क्षणभर शांतता झाली. “मग कशी म्हणतां, सांगा कीं आजी,” असें म्हणून वक्ते हातांतील कागद मिटून खालीं बसले. आजींनीं पदर सांवरला आणि आपली ओवी म्हटली. आवाज थोडा कांपत होता, पण शब्द ठाम. तिला लागून पलीकडच्या एका शेतकरणीनें दुसरी म्हटली, मग लिंगायतांच्या आळींतल्या दोघींनीं मिळून तिसरी. सूनबाईंनीं मधेंच विचारलें, कीं वनवासांत सीतेचें बाळंतपण कोणीं केलें. याचें उत्तर चार जणींनीं चार तऱ्हेचें दिलें, आणि वक्त्यांनीं तीं चारही उत्तरें उतरून घेतलीं. साडेअकरा वाजले तेव्हां मांडीवरचीं मुलें उचलून बायका उठूं लागल्या. चिटणीस कागद हातांत घेऊन कोपऱ्यांत उभे होते. आभारप्रदर्शन करावयाचें राहूनच गेलें.