जुनी नौका
कुकडीच्या पाटाला पाणी केव्हां सुटेल याची वाट पाहण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या श्रीगोंद्याच्या मास्तराकडे मुलानें शिडाच्या नौकेसाठीं पैसे मागावे, आणि तीही जुनी! मीं साफ नकार कळविला. उत्तरादाखल त्यानें ‘तृष्णे’ची हकीकत लिहिली. आपल्या लष्कराच्या इंजिनियर दलानें ही ३७ फुटी नौका जुनीच विकत घेतली. १९८५ च्या सप्टेंबरांत ती मुंबईहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९८७ च्या जानेवारींत मुंबईस परतली. नांव मात्र चमत्कारिक. जिचा त्याग करावा असें मीं ३० वर्षें वर्गांत शिकविलें, तीच ही!

अखेर मुंबईस गेलों. नौका किनाऱ्यावर ओढून ठेविलेली होती. मुलानें लांकडी हातोडीनें तळ ठोकून पाहिला; आवाज सर्वत्र सारखा, भरींव. डोलकाठीच्या तारा, शिडांची शिवण, तळाच्या वजनाचे बोल्ट, सारें तपासलें. वृद्ध मालकानें दुरुस्त्यांची वही पुढें केली; तींत एकही पावसाळा सुटला नव्हता. ती देतांना त्याची बोटें क्षणभर सैल होईनात.

निवृत्तीच्या पुंजींतून मीं रक्कम दिली. घरीं अद्याप बोललों नाहीं; हा अंक आला म्हणजे सौभाग्यवतीस कळेलच.