भिंतीवरची सही

गेला आठवडा सर्दी-खोकल्यात गेला. अँटिबायोटिकची गरज नव्हती, घेतलंही नाही. तरी रात्री उबळ आली की नजर औषधांच्या कपाटाकडे जायची. ‘डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणणारे पेशंट हट्टी नसतात, दमलेले असतात.

पडल्या पडल्या लॉस एंजेलिसचा प्रयोग आठवला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. तिथल्या काही डॉक्टरांनी तपासणीच्या खोलीत स्वतःचा फोटो आणि सही असलेलं मोठं पत्र लावलं : गरज नसताना अँटिबायोटिक देणार नाही. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, १२ आठवडे. पत्र न लावलेल्या डॉक्टरांच्या तुलनेत अनावश्यक अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण सुमारे २० टक्के-अंकांनी घटलं.

ज्ञान तर त्यांच्याकडे आधीही होतंच. मला त्या सहीचं फार वाटतं. संध्याकाळची वेळ, बाहेर बाकांवर गर्दी, मांडीवर कण्हणारं पोर घेतलेली आई समोर, आणि चिठ्ठीवर पेन टेकताना भिंतीवरून आपलाच चेहरा आपल्याकडे बघतोय.

माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर धन्वंतरीची तसबीर आहे, शेजारी औषध कंपनीचं कॅलेंडर. कॅलेंडर काढता येईल. पण तिथे लावलेलं तसं पत्र वाचून पेशंट उठला आणि पलीकडच्या दवाखान्यात गेला, तर त्याला काय सांगून थांबवायचं, ते अजून सुचलेलं नाही.